बाईसाहेबांचं अक्षर

मी चोरी केली आहे, तीही व्हाइट हाउसमध्ये बसून, भर दुपारी, पगारी नोकरीत. चांदीचा चमचा नाही की खिडकीचा पडदा नाही. राष्ट्राध्यक्षांच्या बायकोचा शब्द मी चोरला आणि केंटकीच्या डोंगरातल्या एका बाईला देऊन टाकला. ती गोष्ट निस्तरली असं लोकांना वाटतं, पण मला विचाराल तर आजही टपालाची पिशवी दारात आली की मी आधी पाकिटांवरचे शिक्के बघते.

माझं नाव हेस्टर क्विन्बी. लग्न केलं नाही, कुणी विचारलंही नाही, आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी विचारलं तर मीच हाकलून देईन. बाईसाहेबांची, म्हणजे लेनोरा ट्रस्कट यांची पत्रं सांभाळायचं माझं काम. रोज तीनशे-चारशे पत्रं यायची. कुणाला बाईसाहेबांचा जुना झगा हवा, कुणाला पीचच्या लोणच्याची कृती, कुणाला जुळ्या मुलींसाठी नावं, कुणाच्या नवऱ्याला पोस्टात नोकरी. या देशातल्या यच्चयावत बायकांची समजूत एकच, की राज्य नवरा करतो पण नवऱ्यावर राज्य बायको करते. स्वतःच्या घरी नवरा साधा बूट पुसून आत येत नाही, तरी ही समजूत काही सुटत नाही.

तर लोकांना छापील उत्तर चालत नाही. हाताने लिहिलेलं हवं, चौकट करून भिंतीवर लावायला. पहिल्या वर्षी बाईसाहेबांनी स्वतः लिहायचा हट्ट धरला आणि सहा महिन्यांत मनगट कामातून गेलं. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि आपलं अक्षर शिकवलं. उजवीकडे कललेलं, लांबट, आणि सहीच्या शेवटची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून जाणारी. तीन महिन्यांनी त्यांच्या सख्ख्या बहिणीने माझं पत्र त्यांचं म्हणून वाचलं. त्या दिवशी बाईसाहेब हसून म्हणाल्या, आता मी मेले तरी कुणाला कळायचं नाही. मला त्या बोलण्याचा भारी अभिमान वाटला होता.

पण त्याला नियम होते. अभिनंदन, आभार, बारसं, लोणचं, असल्या पत्रांना हाताचं उत्तर. ज्या पत्रात कोर्ट, तुरुंग, शिक्षा यांतलं काही दिसलं, ते पुढे वाचायचंसुद्धा नाही. त्याला छापील कार्ड जायचं: आपलं पत्र मिळालं, ते योग्य त्या खात्याकडे पाठवलं आहे. कारण बाईसाहेबांच्या अक्षरात दोन ओळी गेल्या की तो शब्द दिल्यासारखा होतो, आणि राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने शब्द द्यायचा नसतो. सहा वर्षं मी हे डोळे झाकून पाळलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्फा टॅकेट नावाच्या बाईचं पाकीट आलं. जाडजूड होतं. फोडलं तर आत दोऱ्यात ओवलेल्या वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी. दुपारचे दोन वाजले होते, माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. एक फोड तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि खाता खाता पत्र वाचत राहिले. पहिल्याच ओळीत फाशी होतं. नियमाप्रमाणे मी तिथेच थांबायला हवं होतं, पण फुकटचं खाल्ल्यावर माणूस थोडं ओशाळतं, मी वाचत गेले.

तिचा मुलगा लोवेल, वय चोवीस. दोघांनी मिळून टपालाची आगगाडी लुटली. लोवेल बाहेर मोटारीत बसला होता. आत गेलेल्याने डब्यातल्या टपाल कारकुनावर गोळी झाडली, कारकून जागीच गेला. गोळी झाडणारा पळताना नदीत बुडाला, सापडला तो लोवेल. टपालावर हात टाकलेला, म्हणून खटला केंद्र सरकारचा. फाशी नऊ जानेवारीला. दया दाखवायची तर ती फक्त राष्ट्राध्यक्षच दाखवू शकतात. आणि शेवटी बाईने लिहिलं होतं, माझं ऐकणारं वर कुणी नाही. तुम्ही रोज सकाळी त्यांच्यासमोर न्याहारीला बसता. लोणी पुढे करताना एवढं बोला, बाई, की त्याने गोळी झाडली नाही.

काय झालं मला, देव जाणे. सहा वर्षांत कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले होते, त्यांचा राग त्या दिवशी एकदम उफाळला. मी दौत पुढे ओढली आणि बाईसाहेबांच्या अक्षरात लिहिलं: मी आजच त्यांच्याशी बोलते. लोवेलला काही होणार नाही. धीर धरा. खाली शेपटीवाली सही केली. वाळूसुद्धा दिलं नाही, टिपकागद दाबला आणि पाकीट टपालात टाकून आले.

घरी जाऊन कोट काढताना भानावर आले. मी काय करून बसले होते? बाईसाहेबांच्या नावाने एका खुनाच्या खटल्यात वचन दिलं होतं. उघडकीस आलं तर नोकरी जाईल हे तर सोडाच, खोट्या सहीसाठी तुरुंगात जाईन. पण ती भीती माझ्या जिवाची होती, ती गिळता आली असती. दुसरी गिळवेना. तिकडे एक आई आता निर्धास्त होईल. वकिलाच्या मागे लागणार नाही, पाद्र्याकडून अर्ज करवणार नाही, खासदाराच्या दारात बसणार नाही. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने सांगितलं म्हटल्यावर ती हात जोडून घरी बसेल, आणि नऊ जानेवारीला तिच्या मुलाला लटकवतील.

बाईसाहेबांना सांगायचं, हा एकच उपाय होता. रोज सकाळी नऊला मी टपालाचा ट्रे घेऊन त्यांच्याकडे जायची. रोज दारापर्यंत ठरवून जायची की आज सांगते. आत गेलं की लोणच्याचीच पत्रं आधी पुढे करायची. त्या चष्मा लावून एकेक कागद बघायच्या, मध्येच विचारायच्या, हेस्टर, तुझा चेहरा असा का, दात दुखतोय का. मी म्हणायची, हो, दाढ. दोनदा त्यांनी मला लवंगेचं तेल दिलं. ख्रिसमस आला नि गेला. मी अशी भेकड आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

एकतीस डिसेंबरला ऑर्फा टॅकेटचं दुसरं पत्र आलं. बाईसाहेब, तुमचं पत्र आमच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. बायकांनी मिळून माझ्या तिकिटाची सोय केली आहे. नवीन वर्षाच्या दिवशी तुम्ही दोघं सगळ्यांना भेटता म्हणे, कुणीही रांगेत उभं राहावं. मी येते आहे. दोघांचे हात हातात घेऊन आभार मानल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

ते पत्र मी ट्रेमध्ये ठेवलं नाही, कोटाच्या खिशात घातलं.

नवीन वर्षाची ती रीत आमच्याकडे फार जुनी. सकाळी मंत्री, न्यायाधीश, परदेशी राजदूत, मग लष्करातले बडे लोक, आणि दुपारी एकपासून बाग उघडी. शहरातलं, खेड्यातलं, कुणीही यावं, रांगेत उभं राहावं, निळ्या खोलीत आधी साहेबांशी आणि मग बाईसाहेबांशी हस्तांदोलन करून पलीकडच्या दाराने बाहेर पडावं. सहा-सहा हजार माणसं. साहेब प्रत्येकाचा हात धरला की हलकेच पुढे ओढतात, म्हणजे माणूस आपोआप बायकोकडे सरकतो आणि बोलायला वेळ उरत नाही. हसऱ्या चेहऱ्याने माणसं ढकलायची ती कला आहे, आणि साहेबांचा तीत हात कुणी धरला नसता.

बारा वाजताच मी कोट चढवून बाहेर पडले. रांग लोखंडी कुंपणाला वळसा घालून पार खजिन्याच्या इमारतीपर्यंत गेली होती. थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ. मी एकेका बाईच्या तोंडाकडे बघत चालले. टॅकेटबाई कशी दिसते हे मला कुठे माहीत होतं? कुणी हसून विचारलं, काय हो बाई, नवरा हरवला का. मी म्हटलं, सापडलाच नव्हता, हरवतो कुठला. जिभेला तेवढी सवय आहे.

ती सापडली ती तिच्या हातामुळे. उंच, वाळकी, पन्नाशीची बाई, अंगावर पुरुषी कोट, आणि हात छातीशी असा धरलेला की आत काहीतरी जपून ठेवलंय. मी विचारलं, मिसेस टॅकेट का. तिने मान हलवली आणि लगेच मला बिलगलीच.

"तुम्ही आतल्या ना? त्यांनी पाठवलं तुम्हाला? मला वाटलंच होतं, त्या लक्षात ठेवतील."

मी तिला बाजूला घेतलं. सांगितलं की बाईसाहेबांना आज बरं नाही, फार गर्दी आहे, तुम्ही दमला असाल, मी तुमचा निरोप पोचवते, तुम्ही आत्ताच्या गाडीने परत जा. मी इतकं घाईघाईने बोलत होते की दुसरं कुणी असतं तर संशय आला असता. तिला नाही आला. तिने कोटाच्या आतून ते पत्र काढलं. घडीवर फाटायला आलं होतं.

"बाई, माझा लोवेल सप्टेंबरपासून जेवत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. गजांमधून हे त्याला वाचून दाखवलं, तर उठून बसला आणि मका खाल्ला त्याने. दोन कणसं. मी काही मागायला नाही आले. नुसती आभार मानते नि जाते."

आता हिला काय सांगायचं? की ते अक्षर माझं आहे? की दोन कणसं खाल्ली ती माझ्या खोटेपणावर? मी म्हटलं, रांगेत उभ्या राहा, आणि मागे न बघता आत पळाले.

दर तासाला बाईसाहेब दहा मिनिटं थांबायच्या. निळ्या खोलीच्या मागे एक लहानशी खोली आहे, तिथे हातमोजे बदलायचे, पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे. दोनच्या सुमाराला त्या आत आल्या तेव्हा मी नवे मोजे हातात घेऊन उभी होते. कपडे सांभाळणाऱ्या बाईला मी बाहेर घालवलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या, उजवा हात पुढे केला. मोजा काढला तर बोटं सुजून लाल झाली होती.

मी सांगितलं. सगळं, एका दमात, सफरचंदापासून कणसांपर्यंत. कुठे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मी संपवल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना सहा वर्षं रोज बघत होते, पण त्या चेहऱ्यावर तसं मी कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर मला हायसं वाटलं असतं. त्या घाबरल्या होत्या.

"माझ्या अक्षरात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ती कुठवर आलीय?"

"जिन्यापाशी असेल. अर्धा तास फार तर."

"आधी त्यांच्यापाशी पोचेल ती. आधी तेच असतात," बाईसाहेब म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी मोजा चढवायला लागले. सुजलेल्या बोटांवर तो मोजा काही चढेना. शेवटी त्यांनी स्वतःच तो दातांनी ओढून घेतला आणि बाहेर गेल्या. काय करणार ते सांगितलं नाही.

मी त्यांच्यामागे, पडद्याला पाठ लावून उभी राहिले. तिथे मला उभं राहायचा हक्क नव्हता, पण त्या गडबडीत कोण बघतंय. दोरीपलीकडे वर्तमानपत्रवाले होते, कंटाळलेले, पेन्सिली कानावर. लष्करी अधिकारी प्रत्येकाचं नाव विचारायचा आणि साहेबांना मोठ्याने सांगायचा. ओहायोचा शेतकरी. शाळामास्तर. पाच मुलींचा बाप पाच मुलींसह. मी मनात म्हणत होते, तिला चक्कर येऊ दे. तिला रांगेतून कुणी बाहेर काढू दे. इतका नीच विचार आयुष्यात केला नाही, तो त्या अर्ध्या तासात शंभरदा केला.

मग तो पुरुषी कोट दारात दिसला.

अधिकाऱ्याने नाव पुकारलं. साहेबांनी हात हातात घेतला, हसले, आणि सवयीप्रमाणे पुढे ओढला. पण डोंगरातली बाई ती, आयुष्यभर लाकडं फोडलेली. जागची हलली नाही. साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, साहेब, देव तुमचं भलं करो, माझ्या लोवेलला तुम्ही सोडवलंत.

साहेबांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. सहा वर्षं मला वाटत होतं की साहेब अबोल आहेत. त्या क्षणी मला कळलं की बाईसाहेब त्यांच्यासमोर इतक्या हळू का चालतात.

ऑर्फा टॅकेटने पत्र काढून पुढे धरलं. हे बघा, तुमच्या बाईसाहेबांनी लिहिलंय.

सगळी रांग थांबली होती. वर्तमानपत्रवाल्यांनी माना वर केल्या. बाईसाहेबांनी एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, की हे मी लिहिलेलं नाही. खरं तेच होतं. दोन शिपाई मला घेऊन गेले असते आणि त्या सुटल्या असत्या. मी डोळे मिटले.

"मी लिहिलंय ते," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, पार दोरीपलीकडे गेला. "मी शब्द दिलाय, मिसेस टॅकेट. ऑलिन आजच बघणार आहेत त्याचं. हो ना?"

साहेबांनी दोरीपलीकडे पाहिलं. मग म्हणाले, अर्थातच. आणि हसत हसत तिला पुढे ओढलं, या वेळी जोर लावून. बाईसाहेबांनी तिला मिठीत घेतलं, रीत मोडून, सगळ्यांदेखत. पेन्सिली कानांवरून खाली आल्या होत्या.

पाचला मला वर बोलावलं. बाईसाहेब खिडकीपाशी बसल्या होत्या, उजवा हात मिठाच्या कोमट पाण्यात. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं की मी सामान बांधून ठेवलंय.

"फाशी रद्द झाली," त्या म्हणाल्या. "जन्मठेप. सही झालीय. वर्तमानपत्रवाल्यांसमोर हो म्हटल्यावर दुसरं काय करणार होते ते."

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, पण हाक मारून जवळ बसवलं नाही.

"हेस्टर, सहा वर्षांत मी त्यांच्याकडे काय काय मागितलं, सांग बरं."

मी आठवायला लागले. काहीच आठवेना.

"काही नाही मागितलं," त्या म्हणाल्या. "एकदा लग्नानंतर मागितलं होतं. उत्तर काय मिळतं ते तेव्हा कळलं. मी मागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की मागितलं तर मिळेल. रोज चारशे बायका त्या आशेवर लिहितात. मीसुद्धा थोडी त्याच आशेवर होते. आज दार लावून मला सांगितलंय त्यांनी, परत नाही. कशासाठीच नाही. कुणासाठीच नाही." पाण्यातला हात त्यांनी हलवलासुद्धा नाही. "आणि तू कुठेही जायचं नाहीस. तू गेलीस तर का गेलीस हे लोक विचारतील."

अशी माझी नोकरी वाचली. त्या दिवसापासून त्या मला दाढेबद्दल काही विचारत नाहीत.

ऑर्फा टॅकेटने जाण्यापूर्वी ते पत्र एका वर्तमानपत्राला दाखवलं, आणि त्यांनी त्याचा फोटोच छापला. पहिल्या पानावर. माझं अक्षर, शेपटीसकट, देशभर. खाली मथळा की मातेची हाक मातेने ऐकली. बाईसाहेबांना मूलबाळ नाही, पण ते कोण बघतं. दुसऱ्याच दिवसापासून पोत्याने पत्रं यायला लागली. प्रत्येकीचा कुणी ना कुणी आत होता. मी प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचायची, तसा मला आता बाईसाहेबांचा हुकूमच होता, आणि मग हाताने पत्ता लिहून कार्ड पाठवायची. हात असा दुखायचा की रात्री उशाखाली दाबून झोपावं लागे.

पंधरा जानेवारीला सिनसिनाटीहून एक पत्र आलं. आयना प्रुइट. मेलेल्या टपाल कारकुनाची बायको.

तिने लिहिलं होतं, मला कुणाचा मुलगा लटकायला नको होता, तो वाचला ते चांगलंच झालं. पण ऑक्टोबरमध्ये मीही तुम्हाला पत्र लिहिलं होतं. बाप गेल्यापासून माझी धाकटी बोलत नाही. तिला तुमचा फोटो फार आवडतो. दोन ओळी तिच्या नावाने लिहा, असं मी कळवलं होतं. मला छापील कार्ड आलं. माझं कुठे चुकलं तेवढं कळवा, म्हणजे माझ्या मनातून जाईल.

मी नोंदवही काढली. ऑक्टोबरची चौदा तारीख. नाव होतं, पुढे कार्ड असं लिहिलेलं, आणि पुढे माझ्या नावाची अक्षरं. पत्रात वरतीच कोर्टाचं नाव असणार, पुढे मी वाचलंच नसणार. त्या मुलीला दोन ओळी हव्या होत्या, आणि त्यांत कुणाला कसलाच शब्द द्यावा लागला नसता.

ट्रे घेऊन गेले ते थेट ते पत्र वर ठेवूनच. या वेळी दारात पाय अडखळला नाही. बाईसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, हे मी लिहीन. मी म्हटलं, मनगट दुखेल. त्या म्हणाल्या, दुखू दे. पाऊण तास लागला त्यांना. चार ओळींसाठी. सहा वर्षं न लिहिलेला हात, त्यात सूज. अक्षरं कुठे मोठी, कुठे लहान, ओळ खाली उतरत गेलेली, आणि सहीची शेपटी मागे वळता वळता मध्येच सुटून गेलेली. पण मजकूर असा होता की मी वाचताना खिडकीकडे वळले. त्यांनी त्या मुलीला नावाने हाक मारली होती आणि लिहिलं होतं की लहान असताना मीही एक वर्ष कुणाशी बोलले नव्हते. हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नसावं.

आठवड्याने ते पत्र परत आलं.

पाकिटात वर्तमानपत्राचं कात्रण होतं, टॅकेटबाईच्या पत्राचा फोटो, आणि एक चिठ्ठी. बाईसाहेब, मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. माझ्या पोरीनेही पाहिली, ती लहान असली तरी तिला डोळे आहेत. हे तुमचं अक्षर नाही. खुन्याच्या आईला तुम्ही स्वतः लिहिलंत आणि आम्हाला कारकुनाकडून लिहवलंत. आता कृपा करून काही पाठवू नका. पोरीने फोटो भिंतीवरून काढलाय.

बाईसाहेबांनी ती चिठ्ठी वाचली. मग स्वतःचं पत्र हातात घेतलं, कात्रण दुसऱ्या हातात घेतलं, आणि कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत बसल्या. मी बोलायला लागले की मी जाते सिनसिनाटीला, मी तिला सगळं खरं सांगते. त्या म्हणाल्या, सांगशील आणि मग टॅकेटचं काय होईल? खोट्या सहीवर झालेली माफी ती. ती मागे घ्यायची ऑलिन वाटच बघतायत.

आत कुठेतरी दार वाजलं आणि आम्ही दोघीही एकदम गप्प झालो. साहेबांची पावलं बोळातून आली, दारापाशी थोडी थांबली, आणि पुढे गेली. ती पार जिन्याखाली जाईपर्यंत बाईसाहेबांनी श्वास सोडला नाही. मग त्यांनी आपलं पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"हे उतरवून काढ," त्या म्हणाल्या. "शब्द हेच ठेव. माझ्या अक्षरात लिही."

मी खुर्ची ओढली आणि टाक उचलला. त्या माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. मुलीचं नाव लिहिताना शाई सांडली, आणि मला दुसरा कागद घ्यावा लागला.